शून्य उंचीची वाडी

पेणला एस.टी. स्टँडच्या मागे, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली मूर्ती वाळत असायच्या आणि वर आम्ही तिघीजणी खाडीकाठची गावं कॉम्प्युटरमध्ये भरायचो. प्रत्येक वाडीचे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. त्यावरून खाडीच्या नव्या बांधाची रेघ ठरणार होती. बांधाच्या आतली गावं राहणार, बाहेरची उठणार.

माझ्या आत्याची वाडी भरायला घेतली तर उंचीची जागा कोरी. रविवारी तिच्याकडे गेले आणि विचारलं, मापवाले आले नव्हते का?

"आलते ना! उधाण होतं गो, बांधावर गुडघाभर चिखल. मीच बोलले, आज नको, भांगाला या. चहा पाजून धाडलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमारास कमी चढतं तो भांग. आमच्याकडे बांध लिंपायचा, जोतं भरायचं, मुलगी बघायला यायचं, सगळं भांगाला. उधाणाच्या चिखलातून पाहुण्याला चालवत आणणं कुणालाच बरं वाटत नाही. पण मापवाले घाटावरचे. भांग कशाशी खातात हे त्यांना कुठून कळणार? ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

उंचीची जागा कोरी ठेवली की कॉम्प्युटर पुढे सरकेना. सर म्हणाले, "शून्य टाका."

"सर, शून्य म्हणजे समुद्राच्या बरोबरीला. ही उंची आपल्याला माहीतच नाही."

"माहीत नाही असं लिहायची सोय नाही, मॅडम."

मी हटून बसले. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. तुमच्या घराची उंची माहीत नसली तर तुम्ही समुद्रात राहता का, असंही विचारलं. शेवटी माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनीच शून्य दाबलं. पुन्हा मोजणी करा म्हणून मी वरच्या ऑफिसात अर्ज दिला, तो तिथेच धूळ खात पडला. नकाशा छापून आला तेव्हा आत्याची वाडी निळ्या रंगात होती. ती आधीच पाण्यात आहे असं समजून बांधाची रेघ तिच्या मागून गेली.

वाडी उठली. आत्या रोह्याला मुलाकडे गेली. तो धाटावला कंपनीत शिफ्टवर. मी भेटायला गेले की तिचं एकच, "मीच त्यांना माघारी धाडलं. समदी वाडी माझ्यापायी उठली." मला ते ऐकवत नसे. तुझा दोष नाही हे किती वेळा सांगितलं, पण तिच्या मनातून ते जाईना.

दोन-तीन वर्षांनी नियम बदलले. उंची माहीत नसेल तर आता तसंच नोंदवायचं होतं, शून्य नाही. जुनी शून्यं आम्ही एकेक करून तपासली, राहिलेल्या वाड्यांची मोजणी झाली. आत्याच्या घराचं जोतं बांधाच्या आत घेतलेल्या दोन गावांपेक्षा उंच निघालं. मला रडू आलं, आणि रागही आला. पण आता तरी तिला पटेल, तिच्या जिवाला जरा आराम पडेल, असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी रोह्याची गाडी पकडली.

आत्या तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. चूक ऑफिसची होती, तुझी नव्हती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे आमची वाडी पाण्यात नव्हती?"

"नव्हती, आत्या."

"नक्की मोजलंय ना?"

"व्हय. नक्की."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती हसली. उठून आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली. दोरीवरची दोन लुगडी काढून घडी घालायला लागली.

"पेनची गाडी कवा हाय गो?" तिने विचारलं.

बांधाबाहेर पडल्यापासून वाडीकडे कुणी बघितलं नव्हतं. आत्याच्या घराचं नुसतं जोतं उरलं होतं, आणि ते मी तिला अजून सांगितलं नव्हतं.