भिजलेली घोंगडी

नात इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. भिऊन किंवा किळस येऊन मागं सरायला इंग्रजीत लई शब्द हायेत म्हणं. फ्लिंच, श्रिंक, रिकॉइल. "आबा, तुम्ही काय म्हणायचे?"

"पाऊल मागं घेतलं, म्हणायचो," मी बोललो, आणि मला पडेगावचा, बहिणीच्या सासरचा उंबरा दिसला.

लई वर्षांमागं एका भाऊबीजेला मी धाकट्या बहिणीकडं, सखूकडं, आमच्या मेंढरांच्या लोकरीची नवी घोंगडी घेऊन गेलो होतो. वाटेत अवकाळी पावसानं ती भिजली आणि उग्र वास सुटला. सखूनं नाकाला पदर लावला, पाऊल मागं घेतलं. "दादा, ती बाहेरच ठेव." तिच्या मागं सासू उभी होती, पण मला तेव्हा फक्त तो पदर दिसला. घोंगडी खांद्यावर टाकून, ओवाळून न घेताच मी परतीची कन्नडची एसटी धरली. त्यानंतर तिच्या उंबऱ्यावर गेलो नाय; बोलावल्याबिगर मी कुठं जात नसतो.

सखू औंदा गेली. दहाव्याला भाची म्हणाली, "मामा, आई दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. शेजारणी विचारायच्या, तुला भाऊ नाय का? आई म्हणायची, हाय की. रुसलाय. येईल."