सहा शेर दादा

दादा जाऊन महिना झाला. बसायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा सांगतो, हसतो, चहा पितो अन् जातो. इतके किस्से साचले, की घरात पाय ठेवायला जागा नाही! माझ्याजवळचे मात्र कोणी ऐकत नाही. तुम्ही ऐका.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सुकदेव. मंगरूळपीरच्या कापूस बाजारात एका शेठच्या काट्यावर मापाडी होता. काही शेतकरी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणत. दादा गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ आवळायचा अन् म्हणायचा, "वरचा कोरडा हाय काका, खालचा आंघोळ करून आला!" हात कधी चुकला नाही. शेठनंच शिकवलं होतं त्याला.

*

दादा पहिल्यापासून लठ्ठ. त्यात दिवाळीनंतर तोंड सुजलं, पाय सुजले, चप्पल चढेना. बाजाराला वाटलं, गडी सुधारला! किसन हमाल रोज त्याच्या पोटावर थाप मारायचा. "काहून बे पैलवान, वहिनी पिपानं तूप वाढून राह्यली का?"

मी म्हटलं, "त्याले धाप लागते."

"जाडा हाय, लागनारच!"

*

अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. म्हणाले, मूत्रपिंडं काम करत नाहीत. मीठ बंद, पाणी मोजून, वजन रोज. "वजन वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे. मांस तर आतून झडतंय. पाच शेर वाढलं, की त्याच दिवशी घेऊन ये."

रक्तातलं पाणी काढणारं यंत्र परदेशात निघालंय, म्हणाले. इथं नाही.

बाजाराच्या मागं सरकी काढायचं जिन आहे. किसनला यंत्राचं सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "म्हंजे जिनच! सरकी इकडं, रुई तिकडं." अख्ख्या बाजारात दुखणं समजलेला तो एकटा!

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोटावर थाप.

*

इंझोरीची मावशी आली. दादाच्या ताटात अळणी भाजी पाहून माझ्यावर उखडली. "भाऊ हाय का वैरी?" अन् पदराखालून लोणच्याची बरणी काढली. दादा बोटं चाटत होता. मी बरणी हिसकली अन् अंगणात आपटली!

मावशीनं गावभर केलं, लहाना भाऊ मोठ्याच्या तोंडचा घास काढते. अन् दादा काय म्हणाला? "लहान्या, एक खाप तरी ठेवाची होती."

*

वजन कापसाच्याच काट्यावर. दादा पारड्यात बसायचा, मी मापं चढवायचो. एका सोमवारी सहा शेर जास्त भरला. मी शेठकडे धावलो. "एस.टी. गेली. तुमची मोटर द्या, अकोल्याले न्या लागते!"

"अरे, सहा शेर वाढला गडी! आजारी मानूस वाढते का? मोटर कायले?" शेठ म्हणाले. अन् हमालांना पेढे वाटले. पेढे! मी माझा भिंतीवर मारला.

दादा अजून पारड्यातच होता. नडगीवर अंगठा दाबून बघत होता. "शेठ," तो म्हणाला, "ओला माल हाय जी."

शेठ हसले. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दादाला उठवेना. बुधवारी गेला.

*

तेरवी झाली, अन् शेठनं मला दादाच्या जागी बसवलं. पहिलीच गाडी कामरगावची. शेठनं स्वतः कापसात हात घातला, मूठ आवळली अन् बाजारभर ऐकू जाईल असे गरजले, "वजन वाढलं म्हनून मी भुलीन? हे पानी हाय, पानी! मले आंधळा समजला का बे?"

किसननं मान डोलावली. मला कोपरानं ढोसून म्हणाला, "पाह्यलं ना लहान्या? शेठले हात लावल्याबरोबर समजते!"