आपाने नीट केलेलं वाक्य

आपा कधीच "समजलं का?" असं विचारत नसे. "हो म्हणायले काय लागते? करून दाखव," म्हणायची. यवतमाळला तिच्या अब्बांच्या मोटर गॅरेजमागच्या खोलीत ती आम्हा मोहल्ल्यातल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. न समजताही मान डोलवायची मला सवय होती. ती तिने मोडली.

दिवसा ती एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहायची. कापूस खरेदी केंद्रांवर ओलावा मोजणाऱ्या यंत्राचं ते सॉफ्टवेअर. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत असला तर कापूस घेत, वर गेला की गाडी परत. प्रत्येक वाक्य ती दोघांना वेगवेगळं वाचायला द्यायची. दोघांनी दोन गोष्टी केल्या, की म्हणायची, "वाक्य कच्चं हाय."

असंच एक वाक्य होतं: "आकडा दोन अंकांपर्यंत अचूक." पडद्यावर १२.३४. मी बारा लिहिलं, पुढचं भरवशाचं नसेल म्हणून. तिच्या भावाने सगळा आकडा उतरवला. आम्ही एकमेकांना हसलो. आपा हसली नाही.

"म्हणजे तोच कापूस एक केंद्र घेऊन राह्यलं, दुसरं हाकलून राह्यलं."

तिने कंपनीला विचारलं. उत्तर आलं, दशांश चिन्हानंतरचे दोन अंक. तिने तसं स्पष्ट लिहिलं आणि खाली उदाहरण दिलं: १२.३४ला नुसते बारा धरू नये.

त्या हंगामात व्यापारी कापसाला धड भाव देत नव्हते; खरेदी केंद्राचाच आधार होता. एका दुपारी कळंबकडचे तिचे चाचा भरलेला टेम्पो घेऊन गॅरेजपुढे आले.

"आतापर्यंत केंद्रावाले पॉइंटाच्या पुढचं सोडून बाराच धरत होते. आज म्हणते, पुस्तकात नवीन लिवून आलं, अन् गाडी वापस."

आपा उभी राहिली. "चाचा, ते मी लिवलं."

चाचांनी टेम्पोवरची ताडपत्री ओढून नीट केली. "तू लिवलं? मंग बराबरच असन, बेटा."

कापूस शेवटी व्यापाऱ्याला पडेल त्या भावात द्यावा लागला. पुढच्या वर्षी चाचा शेत अर्ध्या वाट्यावर, बटईने देऊन सुरतेला कामाला गेले. आपाने पुस्तिकेचं काम सोडलं, मग शिकवणंही.

ती नागपूरला निघाली तेव्हा मी एसटी स्टँडवर गेले होते. भीत भीत विचारलं, "आपा, जुनंच वाक्य राहू दिलं असतं तर?"

"तर कळंबले माया चाचाचा कापूस घेतला असता. आन् केळापूरच्या केंद्रावरून तेवढ्याच ओलाव्याचा दुसऱ्या कोणाच्या चाचाचा वापस आला असता."

गाडी हलली. खिडकीतून तिने पहिल्यांदाच मला विचारलं, "समजलं का?"

मी मान डोलवली. करून दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.