रुपीच्या डब्यावर माझं पातेलं

...तर लिव्ह योगिता, रुपी माझी धाकटी जाऊ, साखरशेतची. चौथी शिकलेली, आन ते कुणाला विसरू देत नाय. सूर्यमाळला आमच्या पाड्यात आली तवा तिला विहिरीत पोहरा सोडाय येत नव्हता. मी शिकवलं. हे आधी लिव्ह.

तवा पहाटे पाण्याची हाळी मी द्यायची. पाड्याचं घड्याळ म्हंजे मीच. मग टाकी आली, टाकीखाली तो डबा आला. पाच वाजले का आपणच नळ सोडतो. त्याची चावी रुपीच्या कंबरेला. चालली का वाजती. माझ्या कंबरेला काय, तर तंबाखूची डबी.

मी इचारलं, "ह्याला पाच कळतात कसे गं?"

"बाय, आत बारका कॉम्प्युटर हाय. बंद केला का वेळ विसरतो. चालू केला का त्या भिंतीवरच्या काळ्या बोंडातनं उपग्रहाला इचारतो, आन घड्याळ लावून घेतो."

"म्हंजे मला नाय इचारत."

"तू झोप आता निवांत," म्हणली, आन हसली.

ते हसणं मला लय दिवस टोचलं.

शनवारी ती सोलरच्या पाट्या पुसती, तवा डबा बंद ठेवती. ती तिकडं पुसत व्हती, मी इकडं माझं जर्मनचं पातेलं त्या बोंडावर पालथं घातलं. म्हणलं, आता इचार कुणाला इचारतो.

रुपीनं डबा चालू केला, पण त्याला वेळ मिळाली नाय; भर दुपारीच त्याला पहाटेचे पाच वाटले, आन नळ सुटले. बाया करवंदाला गेलेल्या, पाणी सगळं मातीत. रविवारी पहाटे टाकी कोरडी, हंडे रिकामे, आन रुपीला शिव्या. ती म्हणत राहिली, "मी काय दाबलं नाय."

सांजच्याला पातेलं गुपचूप काढून आणलं. सोमवारी डबा बरोबर पाचला. मग तर लोकांची खात्रीच झाली का रुपीनंच बिघडवला व्हता. नळाचं बघणारा पोश्या म्हणला, "बुधवारी बैठकीत चावी काढून घेऊ. आजीला देऊ, ती वेळेची पक्की."

माझं नाव घेतलं. वरीसभर हेच तर पायजेल व्हतं मला. आन काल रुपी पाण्याला आली, तर कंबर मोकळी. चावी तिनं आधीच खुंटीला अडकवली. वाजली नाय. मला भाकर गेली नाय बघ.

आता हा कागद बैठकीच्या आधी पोश्याला दे. सांग, पातेलं आजीचं व्हतं, चावी रुपीचीच राहू दे. आन रुपीला म्हणावं, पदरात बांध ती, लय वाजती.