परीक्षकांवर नजर

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी डावा डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "ह्यात कायतरी काळाबेरा आसा." वस्तू म्हणजे साधा पापडही चालायचा.

घाटकोपरच्या चाळीत ते आमचे शेजारी. मूळचे मालवणकडचे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. केसभर चुकलेला नट परत पाठवायचा, याचाच त्यांना पगार मिळे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची नोकरी भोंगा झाला तरी सुटत नाही. भाजीवाल्याच्या तराजूखाली ते हात घालून बघत. चाळीच्या सोडतीत एकदा पहिलं बक्षीस त्यांनाच लागलं, तर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मोजायला लावल्या.

त्यांची मुलगी गायची. भिंत पातळ, त्यामुळे तिचा रियाज आम्हाला फुकट. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीला पोचली तेव्हा सगळी चाळ खूश. काका म्हणाले, "पैलो नंबर आधीच ठरलेलो आसता."

अंतिम फेरीचं चित्रीकरण झालं, निकालही तिथेच लागला. पण कार्यक्रम दाखवणार होते दोन आठवड्यांनी. तोवर कुणाला सांगायचं नाही, अशी स्पर्धकांना ताकीद. काकांना रजा मिळाली नव्हती, सोबत काकू गेल्या होत्या. आता मायलेकी दोघी गप्प. मुलीने दुसऱ्यांदा भात घेतला की काका समजायचे जिंकली, नाही घेतला की हरली.

"मी बापूस ना तुझो? माका तरी सांग!"

"रविवारी बघा ना, बाबा," ती हसायची. मला मात्र जिन्यात म्हणाली, "बाबांनी माझं गाणं बसून कधी ऐकलंच नाही रे. एकदा तरी नुसतं ऐकू देत."

रविवारी आमच्या टीव्हीसमोर चाळ जमली. काका माझ्या शेजारी, मायलेकी मागे दाराशी. पडद्यावर तिने सूर लावला आणि काकांनी माझं मनगट धरलं. "त्या मधल्या परीक्षकाक बघ. पेन खाली ठेवल्यान. निकाल आधीच लिवलेलो!" मीही बघू लागलो. कोण कुणाच्या कानाला लागतंय, कोण मान हलवतंय. पडद्याच्या कोपऱ्यातले ते तीन परीक्षक आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासले. गाणं संपलं तेव्हा टाळ्यांनी आम्ही दचकलो.

ती पहिली आली. घरात एकच कल्ला. ती काकांच्या पाया पडायला वाकली आणि काकांनी विचारलं, "खरा सांग, कोणाचो वशिलो होतो?"

ती पाया न पडताच सरळ उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही गाणं ऐकलंत का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर भिंतीपलीकडून रियाज आला नाही. पुढे लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. कार्यक्रमांत गायची म्हणे. बापासमोर कधी नाही. टीव्हीवरचा तो कार्यक्रम पुन्हा लागला नाही.

निवृत्त होऊन काका गावी निघाले, त्या सकाळी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ चप्पल चाचपत होते. मग हळूच म्हणाले, "तू आयकललंस ना रे? कशी गायली ती?"

"झकास, काका!" मी म्हणालो. "शेवटची तान तर काय घेतली होती!"

उलटतपासणी होईल म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फक्त मान हलवली आणि डोळे पुसले.

दोन वर्षांनी ते वारले. नंतर मुलगी चाळीत आली, तेव्हा तिने मला त्यांनी गावाहून तिला लिहिलेलं पत्र दाखवलं. 'शेवटची तान काय गो घेतलंस! मी सगळी आयकली,' एवढंच त्यात होतं.

"त्या गाण्यात तान नव्हतीच रे," ती म्हणाली. पत्र तिने छातीशी धरलं होतं. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.