बँकेसमोर थांबलेला टांगा

बालाघाटात नवा सिनेमा लागला की महागू टांग्यात पाठमोरा बसून, पत्र्याच्या भोंग्यातून हिंदीत ओरडत गावभर फिरे. टॉकीजची ती नोकरी त्याला चाळिशीनंतर मिळाली. त्याआधी हट्टा गावाकडच्या एका खेड्यात भावाच्या हाताखाली धान रोवण्यात आयुष्य गेलं होतं, आणि तिथे कुणी त्याला ‘ये, बस’ म्हटलं नव्हतं.

सिनेमाची गोष्ट तो नुसती सांगत नसे. तीत गावातली माणसं घाली. डाकूंचा सिनेमा असला की कोतवालाचं नाव, डॉक्टरचा असला की डॉक्टरचं. ज्यांचं नाव घेई ते हसत, राहिलेले रुसत. आता पानठेल्यावर लोक सरकून त्याला जागा देत. त्या जागेची त्याला चटक लागली होती.

एका हिवाळ्यात बँकेचा सिनेमा आला. कॅशियर शेटच्या मुलीच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी तिजोरीत हात घालतो आणि तुरुंगात जातो. महागूने टांगा गावातल्या बँकेसमोरच थांबवायला लावला.

“तिजोरी की चाबी जेब में, और दिल सेठ की बेटी के पास! कौन है वो? अंदर जाकर देख लो भाई, अपने घनश्याम बाबू!”

घनश्याम तिथला कॅशियर, अविवाहित, लाजाळू. रांगेतल्या लोकांनी त्याला ढकलत दारात आणलं. “बाबू, शेटची पोरगी कोनती जी?” घनश्यामने हसून हात जोडले. सगळा रस्ता हसला.

समोरच्या पानठेल्यावर दादाजी बसले होते. किरनापूरचे शेतकरी, महागूच्या बायकोचे चुलतभाऊ. त्यांच्या शीलासाठी घनश्यामचं स्थळ तिनेच, शेवंताबाईने, सुचवलं होतं. होकार देण्याआधी मुलीचा बाप कुणाला न कळवता येतो आणि मुलगा कसा आहे ते लांबून पाहून जातो. तसे ते आले होते. सिनेमा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. भोंग्यामागे आपल्याच घरचा जावई बोलतो आहे आणि मुलगा दारात येऊन हात जोडतो आहे, एवढं त्यांनी पाहिलं.

“खरं हाय का जी हे?” त्यांनी पानवाल्याला विचारलं.

“हौ, शंभर टक्के,” पानवाला हसत म्हणाला.

दादाजी दुपारच्या मोटारीने परतले. पाठीमागून निरोप आला की हे स्थळ आम्हाला नको.

“माह्या शब्दावर तो माणूस आलता,” शेवंताबाई म्हणाली, “अन् तुमी त्याच्या कानातच भोंगा घातला.”

महागू किरनापूरला गेला.

“तो सिनेमा व्हय, दादाजी. पोरगा लय सरळ हाय.”

“मंग सिनेमात घनश्याम बाबूचं नाव हाय?”

“नाई. नाव म्या टाकलं.”

“काहून?”

महागूने जमिनीकडे पाहिलं. “लोकं हासतेत.”

दादाजी रागावले नाहीत. “मले पटलं. पन तवा बँकेपाशी आमच्या गावचे दोघं होते, अन् ह्या सोयरिकीचं गावाले ठावं हाय. आता पोरी इहिरीवर माह्या शीलाले ‘शेटची पोरगी’ म्हणून चिडवून राह्यल्या.”

“मी सांगतो ना सगळ्यायले! बाजाराच्या दिवशी भोंगा आणतो अन्...”

“आता पोरीचं नावबी भोंग्यावर घेता का, जवाईबुवा?”

शीलाने आतून पाणी आणून दिलं. महागूने मान वर न करताच ते घेतलं.

परत आल्यावर त्याने घनश्यामला बँकेमागे गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण घनश्याम सायकलच्या घंटीवरून अंगठा फिरवत राहिला. रामपायलीच्या जत्रेत त्याने शीलाला एकदा पाहिलं होतं.

“तिनं काई म्हटलं का?” त्याने विचारलं.

महागू म्हणाला, “हौ. थांबा म्हणे. बाबाचा राग उतरू द्या म्हणे.”

घनश्यामचा चेहरा उजळला. तो पाहून महागूला क्षणभर तेच सुख झालं, जे टांग्यात बसल्यावर होई. घरी जाताना हे तेच सुख होतं हे त्याला कळलं, आणि शेजाऱ्यांनी हाक मारली तरी तो थांबला नाही.

मग घनश्याम संध्याकाळी येऊ लागला. शेवंताबाई चुलीपाशी असली की हळूच विचारी, “काई निरोप?” महागू काहीबाही देई. तुमच्या खोकल्याचं विचारत होती. बँकेत मन लावून काम करा म्हणे. आज खरं सांगू, असं ठरवून तो रोज बसे आणि रोज निरोपात भर घाली. घनश्यामने घरच्यांनी आणलेली दुसरी स्थळं परत पाठवली.

वैशाखात शेवंताबाई एकटीच किरनापूरला गेली. महागूला बोलावणं होतं. तो गेला नाही. रविवारी सकाळी घनश्याम आला.

“काकू दिसत नाईत?”

“किरनापूरले गेली.”

“असं?” तो ओट्यावर टेकला. “मंग तर काकू आज पक्का होकार आणतीन.”

“लग्न हाय तिथं.”

“कोनाचं जी?”

“शीलाचं.”

घनश्याम उठला. मांडीवरची टोपी खाली पडली, ती त्याने उचलली नाही. “पन तिनं थांबा म्हटलं होतं ना?”

“तिनं काई म्हटलं नव्हतं, बाबू. कधीच नाई.”

घनश्याम तरीही उभाच राहिला, पुढे काहीतरी यायचं आहे अशा आशेने. महागूच्या तोंडाशी आलंही होतं की ती लय रडली, बापाने बळजबरी केली. त्याने ओठ आवळून धरले आणि घनश्याम गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत उघडले नाहीत.