मखमली संध्याकाळ आणि एक रिकामी जागा

अल्व्हेस्टर गेन्सनं उभी हयात मोटारींना दरवाजे बसवण्यात घालवली. डेट्रॉइटच्या ज्या कारखान्यात तो होता तिथं बोलायचं तर समोरच्याच्या कानात तोंड घालून ओरडावं लागे, आणि ओरडून सांगण्यासारखं कुणाकडे फारसं काही नसे. तो निवृत्त झाला तेव्हा त्याचा डावा कान आधीच निवृत्त होऊन बसला होता. अशा माणसाची संगीताकडून अपेक्षा ती काय असणार? एकच होती. त्यात काही आदळू नये.

ही अपेक्षा रोडेल क्विन्सच्या ‘मखमली संध्याकाळ’ या कॅसेटनं पुरेपूर भागवली. क्विन्स ट्रम्पेट असा वाजवी की शेजारच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं मूल निजलेलं असावं. सूर यायचा, अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, आणि बसायचा. त्याला कुठं जायची घाई नसे. मागं एक कीबोर्ड होता, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. ढोल होते, पण ते बहुधा रुमालानं वाजवले असावेत. या कॅसेटमध्ये वाईट असं काही घडतच नसे, आणि ज्यांना तिचा राग येई त्यांचा रागही नेमका याच गोष्टीसाठी होता.

अल्व्हेस्टर ती गाडीत ऐके. त्याची बायको अर्लीन होती तोवर घरात फक्त देवाची गाणी चालत. ट्रम्पेटबद्दल तिची तक्रार नव्हती. जगाच्या शेवटच्या दिवशी देवदूत तेच वाजवणार आहेत, पण इतक्या लाडीगोडीनं नव्हे, असं तिचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी हा गृहस्थ आपली गडद लाल ब्यूक अंगणात धुवायचा, पुसायचा, मग कोरड्या गाडीत बसून कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकायचा. अर्लीन गेली. घर रिकामं झालं, आडकाठी करणारं कुणी उरलं नाही. तरी कॅसेट घरात आली नाही. मेलेल्या माणसाचा शब्द मोडायला जिवंतपणी मोडण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

निवृत्तीनंतर चर्चनं त्याला अशर केलं. म्हणजे पांढरे हातमोजे घालून दाराशी उभं राहायचं आणि येणाऱ्यांना आत सोडायचं. तीस-पस्तीस वर्षं दरवाजे बसवलेल्या माणसाला म्हातारपणी देवानं पुन्हा दरवाजाच दिला. देवाचीही कल्पनाशक्ती कधी कधी थकते. अशरनं प्रार्थनेत बोलायचं नसतं, सगळं खुणांनी. डावा हात पाठीमागं, उजवा हात वर. दारातला अशर बोटांनी विचारतो, इतके जण आलेत, पाठवू का? आतल्या वाटेवरची अशर बाकांवर नजर टाकते आणि तितकी बोटं वर करते: इतक्या जागा रिकाम्या आहेत, पाठवा. दारातला मान लववतो.

आतल्या वाटेवर झेनोबिया टिल्मन असत, चर्चच्या रिवाजानं सिस्टर टिल्मन. साठी उलटलेली, नवरा वारलेला, ताठ बांधा, पांढरा पोशाख असा कडक की बसल्यावर कागदासारखा वाजावा. पहिली दोन वर्षं या दोघांत जे काही संभाषण झालं ते बोटांनी झालं. तीन? तीन. दोन? थांबा. दोन? या. लोक म्हणतात प्रेमात शब्द लागत नाहीत. इथं तर अंगठासुद्धा लागला नाही.

तिसऱ्या वर्षी चर्चच्या जेवणात अल्व्हेस्टरनं बटाट्याचं सॅलड करून नेलं. आमच्या वस्तीत ही लहानसहान गोष्ट नव्हे. बटाट्याचं सॅलड कुणी केलंय हे कळल्याशिवाय शहाणा माणूस त्याला चमचा लावत नाही. टिल्मनबाईंनी भांड्यापाशी थांबून पहिल्यांदाच त्याला तोंडानं विचारलं, “हे कुणाचं?”

“माझंच.”

“मनुका नाहीत ना घातल्यात?”

“सिस्टर टिल्मन, मी चर्चला जाणारा माणूस आहे.”

त्यांनी खाल्लं. पुन्हा घेतलं. त्या रात्री त्यानं त्यांना घरी सोडलं, आणि उतरल्यावर त्यांनी ब्यूकचा दरवाजा दोन बोटांनी लोटला. खट्. बस्स, तेवढाच आवाज. सगळं शहर मोटारी बनवतं आणि दरवाजे मात्र फ्रीजसारखे आपटतं. अल्व्हेस्टर त्या खट्नंतर बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिला. लग्नाचं विचारायचं त्यानं तिथंच ठरवलं. कुठं तेही ठरवलं: रविवारी संध्याकाळी बेल आइल या नदीतल्या बेटावर, पाण्याकडं तोंड करून, ‘मखमली संध्याकाळ’च्या तिसऱ्या गाण्यात, जिथं ट्रम्पेट थोडा थांबतो आणि माणसाला एक वाक्य बोलता येतं.

त्याची चूक इतकीच, की केस कापताना तो हे होझियाजवळ बोलला.

होझिया टॅलबर्टचं केशकर्तनालय म्हणजे वस्तीचं हायकोर्ट. होझियानं कात्री थांबवली. “कुणाला विचारणार आहेस म्हणालास?”

“टिल्मनबाईंना.”

“क्लियोफस टिल्मनच्या बायकोला? त्या क्लियोफसच्या? ज्याचे ढोल ऐकायला न्यूयॉर्कहून माणसं यायची? आणि तिला तू हे ऐकवणार? गड्या, हे तर दाताच्या डॉक्टरकडं वाजतं!”

शेजारच्या खुर्चीत तोंडावर गरम टॉवेल घेऊन एक गिऱ्हाईक पडलं होतं. टॉवेलखालून आवाज आला, “लिफ्टमध्येपण.”

“लिफ्टमध्येपण,” होझियानं नोंद घेतली. “त्या बाईनं तीस वर्षं खरं जॅझ ऐकलंय, दरवाजेवाल्या. तिच्या कानात वाघ फिरलेत. तू मांजर घेऊन जाणार?”

“मला आवडतं ते,” अल्व्हेस्टर म्हणाला.

“तुला सुगंधी मेणबत्तीचा वासपण आवडतो. म्हणून काय खाशील?”

टॉवेल हसला.

आमच्यात असं आहे की कोण कुठल्या चर्चचा आणि कोण कुठल्या जॅझचा, हे एकदा ठरलं की ठरलं. नवरा ज्या पक्षाचा, बायको त्याच पक्षाची, आणि विधवा तर जास्तच कडवी, असं सगळे धरून चालतात. तिला स्वतःला विचारावं हे कुणाला सुचत नाही. अल्व्हेस्टरलाही सुचलं नाही. होझियानं खणातून एक जुनी कॅसेट काढून त्याच्या हातावर ठेवली: कुठल्याशा तळघरात वाजवलेलं, ट्रम्पेट आणि ढोल, घाम आणि धूर. “ही लाव. मान अशी हलव, तालावर नाही, तालाच्या जरा मागून. आणि तुझं ते मखमली प्रकरण आण इकडं. गाडीत राहिलं तर हात वळवळेल. लग्नानंतर परत देईन.”

अल्व्हेस्टरनं पुढचे चार दिवस मान हलवण्याचा सराव केला. मान आखडली.

रविवार उजाडला. त्या दिवशी उन्हाळा अगदी भरात होता आणि बेल आइलवर नदीच्या काठानं गाड्या ओळीनं उभ्या होत्या, नाकं पाण्याकडं, काचा खाली, प्रत्येकीत आपापलं गाणं. कोंबडी तळल्याचा आणि कोळशाचा वास होता. पलीकडच्या काठावर कॅनडा नेहमीप्रमाणं नुसताच बसून होता. अल्व्हेस्टरनं ब्यूक लावली. टिल्मनबाई त्याच्या उजवीकडं, म्हणजे चालत्या कानाकडं बसल्या होत्या. त्यानं धूर-घामाची कॅसेट घातली.

ट्रम्पेट किंचाळला. ढोलवाल्यानं जिन्यावरून भांडी सोडून दिली. अल्व्हेस्टरच्या पाठीच्या कण्यात कारखान्याची पहिली पाळी सुरू झाली. तरी त्यानं मान हलवली, तालाच्या जरा मागून.

टिल्मनबाईंचे हात मांडीवर, नजर पाण्यावर. त्याला वाटलं, रमल्या. त्यानं आवाज थोडा वाढवला.

एक बाजू संपली. त्यानं उलटवायला हात पुढं केला.

“ब्रदर गेन्स,” टिल्मनबाई म्हणाल्या, “तुमच्या मानेला काय झालंय?”

“कुठं काय? रंगलोय मी.”

“असं होय. मला वाटलं, डॉक्टरकडं न्यावं लागतंय.” मग त्या त्याच्याकडं वळल्या. “तुम्हाला हे खरंच आवडतं?”

आता अशर असला तरी माणूस चर्चबाहेर थोडंफार खोटं बोलू शकतो. पण त्याचा चेहरा दरवाजे बसवणाऱ्याचा होता. बसत नसलेली गोष्ट त्यावर लगेच दिसे. “तुम्हाला आवडत असेल म्हणून लावलं,” तो म्हणाला. “क्लियोफसमुळं.”

“क्लियोफसमुळं!” बाई इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारच्या गाडीतल्या बाईनं कोंबडीची तंगडी तोंडापाशी थांबवून पाहिलं. “क्लियोफस भला माणूस होता, देव त्याला सुखात ठेवो. पण त्या घरात मी एक वाक्य धड पुरं केलं नाही हो. मी म्हणायची, क्लियोफस, छत गळतंय. हा हात वर करायचा. थांब, सोलो चाललाय. सोलो संपेस्तोवर बादली भरून वाहायची. तीस वर्षं मी ढोल संपायची वाट पाहिली, आणि ते संपले तेव्हा तोच गेला. आता कुणी विचारावं, झेनोबिया, तुला काय ऐकायचंय? तर नाही. जो उठतो तो तसलंच वाजवून दाखवतो. मग मान हलवतो.”

अल्व्हेस्टरनं मान स्थिर केली.

“ज्याच्यावर माणसाला बोलता येईल, असं काही नाही का तुमच्याकडं?”

“आहे,” तो म्हणाला. “होतं. पण ते तुम्हाला चालायचं नाही. ते दाताच्या डॉक्टरकडं वाजतं.”

टिल्मनबाईंच्या भुवया वर गेल्या. “ब्रदर गेन्स, मी वीसेक वर्षं दाताच्या डॉक्टरकडं पुढच्या टेबलाशी पेशंटची नावं लिहायला बसले. तिथलं वाजवणं माझ्याच हातात होतं. डॉक्टर म्हणायचे, पेशंटसाठी लावा. पेशंट कसला ऐकतोय? त्याचा जबडा उघडा, डोळे मिटलेले. मी माझ्यासाठी लावायची. दिवसाचे तेवढेच तास सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मला ऐकू यायचा.” त्यांनी टेपकडं बोट केलं. “नाव काय तुमच्या कॅसेटचं?”

“मखमली संध्याकाळ.”

“रोडेल क्विन्स? तिसरं गाणं? जिथं तो जरा थांबतो?”

अल्व्हेस्टर गेन्सचं तोंड उघडं पडलं, डॉक्टरकडं पडतं तसं.

“मग लावा की!”

“होझियाकडं आहे ती. काढून घेतली त्यानं. तुम्हाला कळू नये म्हणून.” हे सांगताना त्याला जे वाटलं त्याला लाज म्हणावं की संताप, याचा निर्णय व्हायच्या आतच त्याच्या उजव्या कानात काहीतरी आलं. फार बारीक. कोट काढून खुर्चीवर टाकल्यासारखं.

ओळीतल्या चौथ्या गाडीच्या काचा वर होत्या. भर उन्हाळ्यात बेल आइलवर काचा वर करून दोनच प्रकारची माणसं बसतात, भांडणारी आणि लपवणारी. अल्व्हेस्टर उतरला. टिल्मनबाईही उतरल्या आणि दरवाजा दोन बोटांनी लोटला. आत, घामानं निथळत, सीट मागं टाकून, डोळे मिटून होझिया टॅलबर्ट पडला होता. त्याच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती त्याच्या दुकानात आजवर कुणी पाहिली नव्हती.

टिल्मनबाईंनी काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

होझिया दचकला, काच खाली केली, मग कॅसेट बंद करायला धावला. दोन्ही गोष्टींचा क्रम चुकल्यामुळं ट्रम्पेट सगळ्या काठाला ऐकू गेला.

“तपासत होतो,” तो म्हणाला. “कॅसेट खराब झालीय का.”

“झालीय?”

“नाही. चांगली आहे.” घाम पुसत तो म्हणाला, “कितव्यांदा तपासतोय विचारू नका, सिस्टर.”

“वाघ कुठं गेला तुझा?” अल्व्हेस्टरनं विचारलं.

“अरे, वाघालापण दुपारी झोप लागते,” होझिया म्हणाला आणि कॅसेट काढून देताना त्यानं ती क्षणभर जास्तच घट्ट धरली. “दोन्ही बाजू झाल्या की आणून दे हं. मी इथंच आहे.”

दोघं ब्यूकमध्ये परतली. रोडेल क्विन्सनं पहिलं गाणं सावकाश उलगडलं. त्या दोन गाण्यांत टिल्मनबाई जे बोलल्या ते लिहायचं तर आणखी कागद लागतील: छत, बादली, दाताचे डॉक्टर, चर्चचे नवे पाद्री, बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी किती. प्रत्येक वाक्य पूर्णविरामापर्यंत गेलं. ट्रम्पेट प्रत्येक वेळी बाजूला सरकून जागा देत राहिला. अल्व्हेस्टर ऐकत होता, दोघांनाही.

तिसरं गाणं लागलं. ट्रम्पेट थांबला.

“सिस्टर टिल्मन,” तो म्हणाला, “माझं घर एकट्याला मोठं पडतं. कॅसेट अजून मी घरात लावलेली नाही. कुणी बोलायला असल्याशिवाय ती लावण्यात अर्थ नाही. मी बोलण्यात कच्चा आहे. पण मी ऐकतो. एका कानानं, पण ऐकतो. तर तुम्ही... म्हणजे आपण दोघांनी...”

वाक्य तिथंच बसलं. पुढं सरकेना. ट्रम्पेट पुन्हा सुरू झाला.

मघापासून न थांबता बोलणाऱ्या टिल्मनबाई आता पुन्हा अशर झाल्या. त्या ताठ बसल्या. डावा हात त्यांनी पाठीमागं, सीटच्या आणि स्वतःच्या मधे घातला. समोर, कॅनडाच्या दिशेनं, कुठल्याशा भरलेल्या बाकांवर नजर फिरवली. मग उजवा हात वर केला आणि एक बोट उभं धरलं.

एक जागा रिकामी आहे. पाठवा.

अल्व्हेस्टरनं आपला डावा हात पाठीमागं घेतला आणि नियमाप्रमाणं मान लववली. आखडलेली होती, तरी लववली.

“अहो!” चौथ्या गाडीतून होझिया ओरडला. “झालं का? कॅसेट परत कधी मिळायची?”

टिल्मनबाईंनी काचेतून डोकं बाहेर काढलं.

“लग्नानंतर!”